सातव्या जागेचं पाणी

बाटलीभर पाणी आणायचं होतं. मोहीम एवढीच! पळसदेवच्या काठावरून उजनी धरणाच्या फुगवट्यात होडी घालायची, जुन्या भीमेच्या पात्रावर जिथं पाणी सगळ्यात खोल आहे तिथं जायचं, तळाजवळचं पाणी वर काढायचं आणि दुपार व्हायच्या आत काठाला लागायचं. पण त्या बाटलीसाठी राजेश्वरीला गेले तीन दिवस अन्न गोड लागत नव्हतं, आणि त्याचं कारण तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

राजेश्वरी पणदऱ्याची. बारामतीच्या एका कॉलेजात पीएचडीचं तिसरं वर्ष. उन्हाळ्यात धरणाच्या पाण्यात किती खोलवर किती प्राणवायू उरतो, हा तिचा विषय. त्यासाठी तिनं नकाशावर सात जागा ठरवल्या होत्या आणि सातवी होती ती या जुन्या पात्रावरची, जिला मच्छीमार म्हसोबाचा डोह म्हणत.

गेल्या वर्षी तिच्या अहवालात सातव्या जागेपुढं प्राणवायूचा आकडा होता सहा पूर्णांक दोन. उत्तम पाणी! त्या अहवालाच्या भरवशावर पळसदेवच्या मच्छीमार गटानं आपले माशांचे पिंजरे डोहावर नेऊन बांधले. महिनाभरात, वैशाखातल्या एका सकाळी, पिंजऱ्यातले सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. पाणी तर चांगलं, कॉलेजनंच लिहून दिलंय. मग चूक कुणाची? पिंजरे राखणाऱ्या बिरदेव आबांची! खाद्य जास्त टाकलं, ते कुजलं, असं ठरवून गटानं त्यांना राखणीवरून काढून टाकलं. आणि आता उद्या सकाळी गट त्याच जागी नवे पिंजरे बांधून माशांचं बीज सोडणार होता, त्याच अहवालावर.

आता खरी गोष्ट सांगून टाकतो. राजेश्वरी गेल्या वर्षी सातव्या जागेवर गेलीच नव्हती. पहिल्या तीन जागा तिनं केल्या, तोवर ऊन डोक्यावर आलं, आणि संध्याकाळी माळेगावला चुलत बहिणीची हळद होती. मग उरलेल्या चार बाटल्या तिनं काठावर वाकून, गुडघाभर पाण्यात भरल्या. प्रयोगशाळेत आकडा आला सहा पूर्णांक नऊ. चारही ठिकाणी तोच आकडा कसा लिहायचा? म्हणून सातव्या जागेला थोडा कमी केला. सहा पूर्णांक दोन. म्हणजे खरा वाटेल.

आणि ही मुलगी कुणाची, तर हिंदुरावांची! पणदऱ्यात त्यांचं दूध संकलन केंद्र. कॅन तळापासून ढवळल्याशिवाय नमुन्याचा चमचा आत घालायचा नाही, मग समोर सरपंच असो की सख्खा मेहुणा, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम. साय वर येते, वरवरचा चमचा खोटं बोलतो, हे राजेश्वरीला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. माहीत असून तिनं तेच केलं, आणि तीन दिवसांपूर्वी पिंजऱ्यांची सगळी हकिकत कानावर आल्यापासून ती वडिलांसमोर जेवायला बसायचंही टाळत होती.

तिनं मनाशी एक डाव रचला होता. नवा नमुना घ्यायचा, नवा आकडा गटाला द्यायचा, नवे पिंजरे वाचवायचे. जुन्या आकड्याचं नावच काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सकाळी सहाला तिघं निघाली. होडी बिरदेव आबांची, पत्र्याची, दोन वल्ह्यांची. आबा साठीचे, अंगानं सडसडीत. त्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे. धरणाचं पाणी आलं, चराईचं रान बुडालं, आणि आबांच्या बापानं काठी ठेवून वल्हं हातात घेतलं. तिसरी उत्कर्षा, इंदापूरची, राजेश्वरीच्याच प्रयोगशाळेतली. ती गाळावर संशोधन करायची, तिला पोहता यायचं नाही, आणि तिचं तोंड काही बंद व्हायचं नाही. कॉलेजनं जॅकेटं दिली होती दोनच. आबांनी ती दोन्ही पोरींच्या गळ्यात घातली.

"आणि तुम्ही, आबा?" राजेश्वरीनं विचारलं.

"मला धरण वळखतंय," आबा म्हणाले आणि चालू लागले.

पहिलाच अडथळा पाण्याच्या अलीकडं निघाला. मे महिन्यात पाणी लांब सरकतं आणि काठ ते पाणी मध्ये अर्धा किलोमीटर गाळ उघडा पडतो. वरून तडे गेलेला, वाळलेला, चांगला टणक दिसतो. आबा पुढं, त्यांच्या पावलावर पाऊल ठेवत राजेश्वरी, डोक्यावर बाटल्यांची लोखंडी पेटी. उत्कर्षाला तेवढ्यात गाळाचा एक छान थर दिसला आणि ती बोलत बोलत दोन पावलं बाजूला गेली.

खपली फुटली. उत्कर्षा मांडीपर्यंत आत! पाय ओढायला गेली तर दुसराही रुतला. कमरेपर्यंत!

"हलू नगंस!" आबा ओरडले. "जितकी हलशील तितकी जाशील!"

त्यांनी दोन्ही वल्ही तिच्यापुढं आडवी टाकली आणि तिला त्यांच्यावर छाती टेकून पालथं झोपायला लावलं. मग स्वतः पोटावर सरपटत गेले. राजेश्वरीनं पेटी ठेवली आणि आबांचे पाय धरून मागं बसली. एकेक पाय वीतवीतभर सुटत होता. ऊन चढत होतं. उत्कर्षा बाहेर आली तेव्हा कमरेखाली काळीभोर झाली होती आणि तिची एक चप्पल कायमची धरणाला अर्पण झाली होती.

"तीन वर्षं गाळावर काम करतेय," ती धापा टाकत म्हणाली. "आज गाळानं माझ्यावर केलं."

हसले तिघंही, पण दीड तास गेला होता. आबांनी इंदापूरच्या अंगाला आभाळाकडं पाहिलं. कडेला एक बारीक काळी रेघ होती.

"ताई, आज ऱ्हाऊ द्या. दुपारनं वारं सुटायचं लक्षान हाय. उद्या सकाळी जाऊ."

उद्या सकाळी पिंजरे बांधले जाणार होते. त्याआधी नमुना का हवा ते राजेश्वरी सांगू शकत होती, आणि नुसता सातवा आकडा खोटा होता एवढं बोलली असती तरी पुरलं असतं. पाण्यात जायची गरजच नव्हती. तिच्या तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आजच जायला हवं, आबा. पटकन जाऊन येऊ."

आबांनी होडी लोटली.

पाण्यावर गेल्यावर मात्र सगळं शांत होतं. डावीकडं धरणात बुडालेलं जुनं देऊळ निम्मं उघडं पडलं होतं. काळ्या दगडाचं शिखर, त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले, आणि खाली भिंतीवर प्रत्येक साली पाणी कुठवर चढलं त्याच्या मातकट रेघा. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. तासाभरानं आबांनी शिखर आणि पलीकडच्या टेकडीवरची एकटी बाभूळ एका रेषेत आणली आणि होडी थांबवली. राजेश्वरीनं फोनवरचा नकाशा बघितला. सातवी जागा! दहा पावलांचाही फरक नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं हो?" उत्कर्षानं विचारलं.

"आमच्या आज्याची मेंढरं हितंच पानी प्यायची. उन्हाळ्यात समदी नदी आटायची, ह्यो डोह आटायचा न्हाय."

राजेश्वरीनं नमुन्याची नळी काढली. दोन्ही बाजूंनी झाकणं असलेली ही नळी उघडी ठेवून दोरीनं खाली सोडायची, खोलवर गेली की दोरीवरून एक वजन सोडायचं, ते जाऊन आपटलं की झाकणं बंद होतात आणि तिथलंच पाणी वर येतं. दोरीला मीटरमीटरवर गाठी होत्या. एक, दोन, पाच, नऊ. अकराव्या गाठीला नळी तळाशी टेकली. थोडी वर घेऊन तिनं वजन सोडलं आणि दोरी ओढू लागली.

पुढची परीक्षा जागेवरच व्हायची होती. बाटली भरायची, त्यात दोन द्रावणं थेंब थेंब सोडायची आणि बूच लावून हलवायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका, म्हणजे गाळासारखा थर, धरतो. नसेल तर पांढरा. लहान मुलालाही वाचता येईल असा निकाल! आणि त्या क्षणी राजेश्वरीला एक भलतीच इच्छा झाली. बाटली तपकिरी व्हावी. पाणी खरोखरच चांगलं निघावं, म्हणजे गेल्या वर्षीचं खोटं आपोआप खरं होईल. मग मासे आबांच्याच हातून मेले असं ठरलं असतं, हे तिला कळलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

तिनं बाटली हलवली. साका धरला. दुधासारखा पांढरा!

नळीत उरलेल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास सुटला होता. आबांनी वल्हं आडवं ठेवलं आणि पुढं वाकून वास घेतला.

"त्या सकाळी ह्योच वास व्हता," ते हळू म्हणाले. "पिंजऱ्यावर गेलो तवा. आदल्या दिशी वारं लई झालं व्हतं."

"बरोबर," उत्कर्षा म्हणाली. "उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. जोराचा वारा सुटला की तळाचं पाणी वर येतं, आणि त्यात मासा घटकाभरही जगत नाही."

"मग गेल्या साली तुमच्या बाटलीत ह्ये कसं न्हाय दिसलं?" आबांनी राजेश्वरीकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत संशयाचं नाव नव्हतं. शिकलेल्या माणसाला माहिती विचारावी तसं त्यांनी विचारलं होतं.

चोराच्या मनात चांदणं. राजेश्वरीनं नजर बाटलीवर वळवली.

"पाणी दरवर्षी बदलतं, आबा," ती म्हणाली.

आबांनी बाटलीकडं पाहिलं. मग त्यांनी मान हलवली. "म्हंजी यंदा बिघडलं. गेल्या साली चांगलं व्हतं. मग माजंच चुकलं असंल. खाद्याची पाटी एखाद्या टायमाला जास्त गेली असंल, त्येचाच वास असंल त्यो."

वर्षभर गावानं मारलेला शिक्का या माणसानं कधी मानला नव्हता. आज तिच्या एका वाक्यानं मानला. बोल, आत्ता बोल, असं तिचं मन ओरडत होतं. उत्कर्षा वहीत आकडे लिहीत होती. राजेश्वरीनं बाटली पेटीत ठेवली आणि कडी लावली.

आबांनी वल्ही उचलली आणि थबकले. पाणकावळे शिखरावरून एकदम उठले होते. इंदापूरच्या अंगाची ती काळी रेघ आता अर्ध्या आभाळावर आली होती.

"खाली बसा," आबा म्हणाले. "दोघी बी. तळाला."

वावटळ आली! आधी थंड झोत, मग धुळीचा पडदा, मग सगळं धरण जागचं उठलं! आरशासारखं पाणी क्षणात खवळलं. लाटा पत्र्यावर धडाधड आदळू लागल्या. आबांनी होडीचं तोंड वाऱ्याला दिलं. वल्हं मोडलं! होडी फिरली आणि आडवी झाली. पाणी आत आलं. उत्कर्षा डब्यानं उपसत होती, राजेश्वरी ओंजळीनं. उपसावं त्याच्या दुप्पट आत येत होतं. नमुन्याची नळी वाहून जाऊ नये म्हणून राजेश्वरीनं तिची दोरी कमरेला गुंडाळून घेतली.

"देवळाकडं!" आबा ओरडले. उरलेल्या एका वल्ह्यानं ते होडी ढकलत होते. काळं शिखर जवळ येत होतं. वीस हात. दहा हात.

होडीचा तळ बुडालेल्या भिंतीवर आपटला. पत्रा फाटला!

राजेश्वरी पाण्यात पडली. जॅकेटनं तिला वर आणलं. हाताला दगड लागला, शेवाळलेला. निसटला. पुन्हा लागला. ती शिखराच्या कट्ट्यावर चढली आणि वळून तिनं उत्कर्षाचं जॅकेट धरून तिला ओढलं. उत्कर्षा वर आली, खोकत, जिवंत. आणि आबा?

आबा पंधरा हातांवर होते. डोकं दिसत होतं, दिसेनासं होत होतं. एका हातानं ते पाणी कापत होते. दुसऱ्या हातात लोखंडी पेटी होती.

राजेश्वरीनं कमरेची दोरी सोडली, नळीसकट फिरवून फेकली. दोरी आबांच्या पुढ्यात पडली.

"धरा, आबा! पेटी सोडा! दोन्ही हातांनी धरा!"

"न्हाय!" आबांच्या तोंडात पाणी गेलं. "ह्यात... बाटली हाय! माज्या तोंडाचं... कोन ऐकतंय? उद्या पिंजरं... तितंच बांधतील!"

लाट आली. आबा खाली गेले. वर आले, तर पेटी छातीशी धरलेली. तिचं वजन त्यांना ओढत होतं. पुढची लाट त्यांना वर येऊ देणार नव्हती.

आणि राजेश्वरी ओरडली. वाऱ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली.

"सोडा ती! गेल्या साली मी इथं आलेच नव्हते! तो आकडा खोटा होता, आबा! काठावरचं पाणी भरलं मी! तुमचं काही चुकलं नव्हतं! बाटली नको, मी सांगते! मी सगळ्यांना सांगते!"

आबांनी तिच्याकडं पाहिलं. एवढ्या खवळलेल्या पाण्यात ती एक नजर तिला स्वच्छ दिसली. मग त्यांचा हात उघडला आणि पेटी गेली.

दोघींनी दोरी ओढली. हाताची सालटी निघाली. आबा कट्ट्याला लागले, वर आले आणि पालथे पडून पाणी ओकू लागले.

मग पाऊस आला आणि अर्ध्या तासात गेलाही. तिघं शिखराला पाठ लावून बसली होती. उत्कर्षा, जिचं तोंड कधी बंद व्हायचं नाही, ती राजेश्वरीकडं न बघता पाण्याकडं बघत होती. शेवटी आबाच बोलले.

"चार बाटल्या काठावर भरल्या व्हत्या ना तुमी? बाभळीखाली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बघितलं व्हतं की. जाळं सोडवत बसलो व्हतो. मला वाटलं, डेअरीत चमचाभर दुधावर समदा कॅन कळतोय, तसं असंल. शिकलेली मानसं हायती."

राजेश्वरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "कॅन आधी ढवळतात, आबा," ती कशीबशी म्हणाली. "माझे वडील ढवळल्याशिवाय चमचा घालत नाहीत."

"व्हय," आबा म्हणाले. "ढवळत्यात खरं." मग काठावरून त्यांना बघून निघालेली गटाची मोटारबोट येईपर्यंत ते तिच्याकडं पाठ करून बसले. तिनं काही मागितलंही नाही. माफी मागावी एवढंसुद्धा आपलं तोंड उरलं नाही, असं तिला वाटत होतं.

काठावर निम्मं गाव जमलं होतं. बिरदेव आबांची बायको साखरबाई गाळाच्या कडेला उभी होती. गटाचे प्रमुख दत्तोबा स्वतः बोट घेऊन आले होते. उतरताच राजेश्वरी त्यांच्यासमोर उभी राहिली, ओलीचिंब, आणि तिनं सगळं सांगितलं. हळदीसकट. सहा पूर्णांक दोनसकट.

दत्तोबांचा चेहरा तांबडा झाला. "आन् ह्ये आता खरं कशावरनं? बाटली कुठाय?"

"बुडाली."

"मग?"

"तुमचा फोन द्या, दत्तोबा तात्या."

तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि बारामतीला आपल्या मार्गदर्शक सरांना तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सगळ्यांच्या देखत. सरांनी तारीख आणि जागा पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "अहवाल मागं घ्यावा लागेल. तुझ्या तीन वर्षांच्या कामाचं काय होईल, मी सांगू शकत नाही. कळतंय ना?"

"हो, सर."

फोन परत घेताना दत्तोबांनी मान खाली घातली होती. कुणी तिला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. साखरबाई मात्र तिच्या अंगावरून पुढं गेली आणि नवऱ्यासमोर थांबली.

"मी बी म्हनले वो तुमास्नी," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "वरीसभर म्हनत ऱ्हायले, तुमीच जास्त टाकलं असंल."

आबांनी पटक्यातलं पाणी पिळलं. "चल घरला," ते म्हणाले. मग राजेश्वरीकडं न वळताच बोलले, "उद्या परत जायाचं. सातव्या जागी. बाटली मी भरनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन होड्या डोहावर थांबल्या. उत्कर्षानं पहिल्या एसटीनं बारामतीहून नव्या बाटल्या आणि द्रावणं आणली होती. दुसऱ्या होडीत दत्तोबा आणि गटातले चार जण होते. पिंजरे काठावरच पडून होते. आबांनी नळी सोडली, अकरा गाठी मोठ्यानं मोजल्या, वजन सोडलं. राजेश्वरी फक्त सांगत होती. हात आबांचे चालत होते. बूच लावून त्यांनी बाटली हलवली आणि दुसऱ्या होडीकडं उंच धरली.

पांढरी.

दत्तोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आबांनी बाटली जपून राजेश्वरीच्या हातात दिली, आणि काल जॅकेटात खोचल्यामुळं बचावलेली वही उत्कर्षाकडून घेऊन राजेश्वरीच्याच मांडीवर टाकली.

"लिवा."

"काय लिहू, आबा?"

"दिसतंय त्ये."

राजेश्वरीनं सातव्या जागेपुढं शून्य लिहिलं, खाली तारीख घातली, आणि नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात बिरदेव आबांचं नाव लिहिलं.